रंगपेटी माळ्यावर का जाते?

मैत्रिणींनो, शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा तुमच्यापैकी किती जणींनी दिल्यात? महिलांच्या कुठल्याही कार्यक्रमात हा प्रश्न विचारला की भराभर हात वर येतात, हा माझा अनुभव आहे. जालन्यात तर येतातच, पण परतूर, मंठा, जाफराबादकडेही येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन... नुसती नावं घेतली तरी चेहरे खुलतात. “माझी ए ग्रेड होती बरं का!” असं एखादी हमखास सांगते. मग मी विचारते, “शेवटचं चित्र कधी काढलं?” की सगळ्या गप्प!

परीक्षा झाली, प्रमाणपत्र फाइलला लागलं, की रंगपेटी माळ्यावर जाते. आताच्या मुलींना दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. ते पदरात पडले की आईच म्हणते, “आता अभ्यासाला लाग.” पुढे लग्न होतं आणि पेटी भाचीकडे जाते. नंतर आपल्या हातून जे काही होतं ते निमित्तानं. दिवाळीची रांगोळी, चैत्रातलं चैत्रांगण, मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट. निमित्त संपलं, हात धुतले!

यावरून मला वारली चित्रांची हकिगत आठवते. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नात भिंतीवर चौक काढायचा मान सवाशिणींचा. तिकडे चौक ‘लिहितात’ असं म्हणतात. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, मधोमध पालघाट देवी. लग्न पार पडलं की काम संपलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिथे कागद घेऊन पोचले. बायका कागदावर काढायला बिचकल्या, असं सांगतात. पुढे आले ते जिव्या सोमा मशे. जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली तेव्हा या मुलाचं बोलणंच थांबलं होतं. सांगायचं असेल ते तो मातीत बोटानं काढून दाखवायचा. मोठेपणी या माणसानं लग्नाची वाट बघितलीच नाही. तो रोज काढत राहिला. मासेमारीचं जाळं, मुंग्या, झाडं, शेतातली माणसं. रंग म्हणजे तांदळाची पेस्ट आणि डिंक, ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

‘कला बायकांची आणि नाव झालं पुरुषाचं’ असं म्हणून नाक मुरडणाऱ्याही मला भेटल्यात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण त्या माणसानं रोज हात चालवला. पण एक मात्र खरं, की रोज हात चालवायला रोजचा वेळ लागतो, आणि पाड्यावरच्या बाईचा दिवस पाणी, सरपण, चूल यातच जायचा. आपलाही फार वेगळा जात नाही. गॅस आला, नळ आला (तोही आठवड्यातून कधीतरी!), तरी दुपारचा एक तास ‘माझा’ म्हणून मागायचा कसा, हे काही आपल्याला अजून जमलेलं नाही.

स्टुडिओ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठी खोली, उंच खिडक्या, रंगांनी माखलेला इझल येतो. अंबिका धुरंधर यांना असं घर मिळालं होतं. वडील प्रसिद्ध चित्रकार म. वि. धुरंधर. अंबिकाबाईंनी १९३१ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळवली. त्या काळात बाईनं हे करणं म्हणजे केवढी गोष्ट! वडिलांच्या आत्मचरित्राचं नाव आहे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. एकेचाळीस वर्षं! आपण एकेचाळीस मिनिटांसाठी भांडतोय.

पण खोली नाही म्हणून अडायचं कारण नाही. आपल्याकडे पाट आहे ना! मांडीवर पाट, त्यावर ड्रॉइंगचा कागद, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावले की बोर्ड तयार. दोन वाट्या पाणी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. जुन्या सुती साडीचा तुकडा. शाळेची वड्यांची रंगपेटी आणि सहा नंबरचा एक गोल ब्रश सुरुवातीला पुरे. जागा मात्र रोज तीच हवी आणि वेळही तीच. खिडकीजवळ बसलं म्हणजे वीज गेली तरी अडत नाही.

ही मांडामांड मला चित्राइतकीच आवडते. भोकरदनवरून अजिंठा काही लांब नाही. शाळेच्या सहलीत आपण सगळ्या पद्मपाणी बघून आलोय. पण त्या चित्रांखालची भिंत कशी तयार केली असेल, हा विचार तेव्हा कुठला सुचायला! माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू मळून लिंपण करायचं, ते बसलं की वर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. पिवळा आणि तांबडा गेरूचा, काळा काजळीचा. निळ्याचा दगड तेवढा फार दुरून आणलेला. म्हणजे चित्रकाराचा कितीतरी दिवस नुसत्या तयारीत गेला असणार. चाळणं, मळणं, लिंपणं, वाळायची वाट बघणं. यातलं आपल्याला नवीन काय आहे? फक्त आपण ते स्वयंपाकाला आणि सारवणाला वापरतो.

काढायचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. मी म्हणते, मोसंबी काढा. आपल्या जिल्ह्याचंच फळ, त्याला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. दिसायला सोपं, काढायला बसलं की घाम फोडतं. पेटीतला तयार हिरवा लावला तर प्लॅस्टिकचं दिसतं. पिवळ्यात निळ्याचा थेंब घालायचा, आणखी थोडा, मग जास्त झाला म्हणून पुन्हा पिवळा. देठाजवळ वेगळा हिरवा, खाली वेगळा, उन्हाकडच्या बाजूला जवळजवळ पांढरा, तिथे कागद कोराच सोडायचा. जलरंगात आधी फिकं, मग गडद. उलटं केलं तर सुधारता येत नाही. सावली काळी नसते, हे कळायलाच आठ दिवस जातात. आपल्याकडच्या मे महिन्यात आणखी गंमत. रंगाचा हात अर्ध्या कागदावर पोचेपर्यंत अलीकडचा वाळलेला! पावसाळ्यात तोच रंग तासभर ओला राहतो. तेच फळ आठ दिवस ठेवून रोज काढा. साल सुकत जाते, हिरव्याचा पिवळा होतो. चित्रं ओळीनं लावली की फळाचं वय दिसतं.

अंबड तालुक्यातल्या एक ताई आमच्या गटात येतात. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यांची मोसंबीची बाग वाळली. टँकरनं पाणी घालून बघितलं, शेवटी झाडं तोडली, सरपण झालं. कर्ज राहिलं ते राहिलंच. या ताईंनी कधी शाळेतली परीक्षा वगैरे दिलेली नव्हती. पहिल्या दिवशी मी फळ समोर ठेवलं तेव्हा त्या बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. मग ब्रश उचलला. आता घरी रोज दुपारी काढतात. त्या म्हणाल्या, “तेवढा वेळ डोक्यात हप्ता नसतो, नुसता हिरवा असतो.”

यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद यांतलं हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर त्यांची लाळ तपासली. ताण आला की शरीरात वाढणारं कॉर्टिसोल सुमारे पाऊणशे टक्के लोकांमध्ये कमी झालेलं दिसलं. आधी कधी चित्र काढलं होतं की नाही, यानं फारसा फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठ्या गोष्टी बोलू नयेत. आणि हेही सांगते, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर रंगांवर भागवू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा, तो फुकट आहे.

आता माझी खरी तक्रार, आणि ती आपल्याच माणसांबद्दल आहे. बचत गटाच्या बैठकीत या चित्रांचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, “स्टॉल लावू या.” पणत्या रंगवा, माठ रंगवा, वारली काढलेल्या पिशव्या करा! बाईच्या हाताला पैसे मिळावेत यासाठी मी इतकी वर्षं या कामात आहे, त्यामुळे विक्रीला नावं ठेवणार नाही. ज्यांना विकायचंय त्यांनी जरूर विकावं, चांगल्या भावानं विकावं. पण दोनशे पणत्या एकसारख्या रंगवणं हे काम आहे, तिथे मुदत आहे, गिऱ्हाईक आहे. त्याचा हिशोब वेगळा. दुपारच्या त्या तासात हा हिशोब घुसला की तास गेलाच म्हणून समजा. नवऱ्यांना हा फरक समजावताना तर माझी पुरेवाट होते. “याचे किती येतात?” हा त्यांचा पहिला प्रश्न. टीव्हीपुढे बसलेल्या माणसाला, चौकात दोन तास उभं राहून गप्पा मारणाऱ्या माणसाला हे कोणी विचारत नाही. बाई स्वस्थ बसून एका फळाकडे बघते, एवढंच घरात खुपतं.

तेव्हा आम्ही गटात एक ठरवलंय. चित्र कसं झालं हे कोणी कोणाला विचारायचं नाही. घरच्यांनाही तसं सांगून ठेवायचं. सासूबाईंनी विचारलंच तर त्यांच्याही हातात ब्रश द्यायचा. दोन घरांत तसं झालंय, आणि त्यातल्या एका घरात आता खिडकीजवळच्या जागेवरून सासू-सुनेत भांडण होतं. अंबडच्या त्या ताईंकडे जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूंवर काढलेल्या मोसंब्यांचा गठ्ठा झालाय. तो गादीखाली असतो, सपाट राहावा म्हणून.