ओपन सोर्सच्या कामासाठी आचारसंहिता आणि सहभागाचे लेखी मार्गदर्शन लागू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ,
अमरावती

विषय : यवतमाळ जिल्ह्यातील संलग्नित महाविद्यालयांचे विद्यार्थी करीत असलेल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या कामासाठी आचारसंहिता, मराठीतून मार्गदर्शन आणि तक्रार निवारणाची व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा आणि पांढरकवडा या भागांत संगणकशास्त्र शिकणारे, शिकवणारे आणि शिकून बाहेर पडलेले आम्ही सर्वजण हे निवेदन सादर करीत आहोत. ओपन सोर्स सॉफ्टवेअर आम्ही रोज वापरतो आणि जमेल तशी त्यात भरही घालतो. कुणी मराठी भाषांतर करतो, कुणी बग शोधून कळवतो, कुणी कोड लिहितो. या कामात शिरायचे कसे आणि शिरल्यावर वागायचे कसे, हे आम्हाला कुणी लेखी सांगितलेले नाही. जे कळले ते ठेचा खाऊन कळले. पुढच्या मुलांवर ती पाळी येऊ नये, यासाठी हा अर्ज आहे.

१ मे १९८३ रोजी आपले विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअरचा कोड सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता यावा, ही चळवळ तिथून उभी राहिली. म्हणजे आपले विद्यापीठ आणि ही चळवळ एकाच वयाची आहेत. तरीही आमच्या वर्गांत ओपन सोर्स येते ते बहुधा परीक्षेतल्या व्याख्येपुरते.

आमच्या जिल्ह्याला या कामाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. पुण्या-बंगळुरूच्या मुलाला कंपनीत ओळखीचा सिनिअर भेटतो, इंटर्नशिप घराजवळ मिळते. झरी-जामणी किंवा घाटंजीच्या मुलाजवळ तसे काही नसते. सर्वांना दिसेल असे उघड्यावर केलेले काम हीच त्याची ओळख आणि हीच त्याची शिफारस. पण हे काम नाव, तारीख आणि वेळेसह कायमचे नोंदलेले राहते. चांगला बदल जसा दिसत राहतो, तसा घाईने पाठवलेला निरर्थक बदलही दिसत राहतो. विसाव्या वर्षी केलेली चूक नोकरी देणारा माणूस पंचविसाव्या वर्षी वाचतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये जे घडले ते आपल्या निदर्शनास आणून देतो. डिजिटलओशन या कंपनीच्या हॅकटोबरफेस्ट उपक्रमात ठराविक संख्येने पुल रिक्वेस्ट (प्रकल्पात बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. एका व्हिडिओत ‘हे किती सोपे आहे’ म्हणून रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द घालून दाखवला गेला आणि जगभरातल्या प्रकल्पांवर अशा बदलांचा पूर आला. त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनर मंडळींनी त्रासून तक्रारी केल्या, तेव्हा त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल, तिथलेच बदल धरले जातील. पुढे २०२४ मध्ये एक्सप्रेस जेएस या प्रकल्पावर हीच वेळ आली. शिकवणीच्या व्हिडिओत पाहिले तसे करून असंख्य मुलांनी आपापली नावे त्या प्रकल्पाच्या रीडमीत घालायला पाठवली.

या मुलांवर तेव्हा जी टीका झाली, तिच्यातला वांशिक शेरेबाजीचा भाग निंद्य होता. उरलेली टीका मात्र खरी होती, हे आम्ही मान्य करतो. दुसऱ्याच्या प्रकल्पात बदल पाठवणे म्हणजे कुणातरी माणसाचा वेळ मागणे, हे त्या मुलांना कुणी शिकवलेच नव्हते. आमच्यातील काहींना तर टर्म वर्कच्या गुणांसाठी ‘महिन्यात इतक्या पुल रिक्वेस्ट दाखवा’ असे सांगण्यात आले होते. संख्या मागितली की मुले संख्याच आणून देणार.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लिनक्स कर्नलच्या कामात अपमानास्पद भाषा अनेक वर्षे गुणवत्तेच्या आग्रहाच्या नावाखाली खपवून घेतली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली आणि प्रकल्पाने ‘कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट’वर आधारलेली आचारसंहिता स्वीकारली. हा मसुदा कोरलाइन एडा एमकी यांनी २०१४ मध्ये तयार केला होता. त्याच वर्षी डेबियन या प्रकल्पाने सभासदांच्या मतदानाने स्वतःची आचारसंहिता मंजूर केली. विकिमीडियाची सार्वत्रिक आचारसंहिता २०२१ मध्ये आली. १ मे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियालाही ती लागू आहे. इतक्या जुन्या आणि समर्थ प्रकल्पांना लेखी नियमांची गरज भासली, तर आमच्या महाविद्यालयांतल्या चार-सहा मुलांच्या गटांना ती नाही असे कसे म्हणता येईल?

उद्धटपणाने मन दुखावते, एवढ्यावर हा विषय संपत नाही. त्यातून सुरक्षाही धोक्यात येते. एक्सझेड युटिल्स हे फाइली आकुंचित करण्याचे छोटे साधन जगातल्या बहुतेक लिनक्स यंत्रणांमध्ये असते. ते लासे कॉलिन हे गृहस्थ अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, बिनमोबदला सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यावर टोचणाऱ्या ई-मेलचा मारा सुरू केला : काम संथ आहे, तुमच्याने होत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्यांनी प्रकृतीचे कारण सांगितले, तरी मारा थांबला नाही. शेवटी ‘जिया टॅन’ या नावाने मदतीला आलेल्या व्यक्तीकडे बरेच अधिकार गेले आणि त्या व्यक्तीने कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, म्हणून तो सापडला. त्या ई-मेलच्या वेळीच कुणीतरी मध्ये पडून ‘इथे असे बोलायचे नाही’ म्हणाले असते, तर त्या डावाची पहिलीच पायरी कठीण झाली असती. मेंटेनरच्या पाठीशी उभे राहणारी व्यवस्था हवी, ती याचसाठी.

आमच्या जिल्ह्यासाठी तिसरे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. ऑगस्ट २०२० मध्ये उघडकीस आले की स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरील हजारो लेख अमेरिकेतील एका किशोरवयीन मुलाने लिहिले होते आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्यांत शब्दकोशातले शब्द घालून तो वर्षानुवर्षे मनापासून लिहीत राहिला. सुरुवातीला त्याला मार्ग दाखवणारे कुणी नव्हते आणि प्रकार उघड झाल्यावर शिव्या देणारे मात्र पुष्कळ निघाले. यवतमाळ जिल्ह्यात कोलामी, गोंडी आणि बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. कोलाम हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहे. या भाषांचे शब्दसंग्रह, कळफलक आणि ध्वनिमुद्रणे तयार करण्याची इच्छा आमच्या काही विद्यार्थ्यांना आहे. नियमांवाचून हे काम सुरू झाले, तर ज्यांची भाषा आहे त्यांना न विचारता चुकीची सामग्री कायमची जगभर पसरेल.

वरील परिस्थितीत आमच्या मागण्या अशा.

पहिली आणि मुख्य मागणी लेखी आचारसंहितेची. महाविद्यालयाच्या नावाने किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून चालणाऱ्या प्रत्येक ओपन सोर्स प्रकल्पाला ती लागू असावी. कोडवर टीका करावी, माणसावर नाही. जात, धर्म, लिंग, अपंगत्व, बोली आणि इंग्रजी न येणे यांवरून हिणवणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा मानावा. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाच्या इंग्रजी वाक्याची स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर थट्टा होते आणि तो मुलगा पुन्हा कधी प्रश्न विचारीत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

नियम लिहून भिंतीवर लावले की काम संपत नाही, म्हणून दुसरी मागणी तक्रारीच्या व्यवस्थेची. जिल्हा पातळीवर एक छोटी समिती असावी. तिच्यात किमान एक महिला शिक्षक, एक विद्यार्थी प्रतिनिधी आणि ओपन सोर्समध्ये प्रत्यक्ष काम केलेली, महाविद्यालयाबाहेरची एक व्यक्ती असावी. तक्रारदाराचे नाव गुप्त राहावे, ठराविक मुदतीत उत्तर मिळावे आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने निर्णयात बसू नये. मुलींना प्रकल्पाच्या चर्चेतून उचललेल्या क्रमांकावर खासगी संदेश येतात आणि दाद मागितली की ‘हे ऑनलाइन झाले, कॅम्पसमध्ये नाही’ असे उत्तर मिळते. अशा तक्रारी अंतर्गत तक्रार समितीने दाखल करून घ्याव्यात, असे विद्यापीठाने सर्व महाविद्यालयांना लेखी कळवावे. शिक्षाही चुकीच्या प्रमाणात असावी. नवख्याची पहिली चूक समजावून सुटते. जाणूनबुजून केलेला छळ समजावून सुटत नाही.

तिसरी मागणी मराठीतून मार्गदर्शनाची. बग कळवताना आवृत्ती कोणती, काय केले, काय अपेक्षित होते आणि काय झाले हे कसे लिहावे. आधी कुणी तोच बग कळवला आहे का ते कसे शोधावे. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल का ठेवावा. चाचण्या कशा चालवाव्यात. उत्तर आले नाही तर किती थांबावे आणि नकार आला तर काय करावे, हे सगळे उदाहरणांसह त्यात असावे. लायसन्सचा भाग सविस्तर हवा. दुसऱ्याचा कोड उचलून त्यावरचे नाव पुसणे आणि अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून सादर करणे ही चोरी आहे, हे मुलांना पहिल्या वर्षीच कळले पाहिजे. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येकजण ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ अशी सही करतो. तीच पद्धत आपल्याकडे लागू करावी. एआयकडून लिहून घेतलेला भाग तसा नमूद करणे बंधनकारक असावे. कर्ल या ओपन सोर्स प्रकल्पाचे डॅनिअल स्टेनबर्ग २०२४ पासून एआयने रचलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारींबद्दल जाहीरपणे लिहीत आहेत. त्या तक्रारींत आमच्या विद्यार्थ्यांची नावे असू नयेत.

चौथी मागणी गुणांची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. ओपन सोर्सचे काम त्यात धरावे, पण पुल रिक्वेस्टची संख्या मोजून गुण देण्यास स्पष्ट मनाई करावी. नाकारला गेलेला पण विचारपूर्वक केलेला एक बदल, नीट लिहिलेला एक बग रिपोर्ट, तपासून केलेले भाषांतर यांनाही गुण मिळावेत.

पाचवी मागणी भाषांविषयी. मराठी भाषांतरात यंत्राने काढलेला मजकूर न वाचता भरू नये. कोलामी, गोंडी आणि गोरमाटीची कोणतीही सामग्री ती भाषा बोलणाऱ्यांच्या संमतीने, त्यांच्याकडून तपासून आणि त्यांना श्रेय देऊनच प्रसिद्ध करावी.

शेतीच्या हंगामात गावकरी सावडीने एकमेकांच्या शेतात राबतात, तेव्हा कुणाच्या शेतात कधी जायचे, कामाला काय आणायचे आणि कुणी अंग चोरले तर काय, हे सगळ्यांना ठाऊक असते. ओपन सोर्सलाही तेवढीच स्पष्टता हवी. फरक एवढाच की इथे सोबत राबणारा माणूस दुसऱ्या खंडात बसलेला असतो आणि त्याला आपला स्वभाव माहीत नसतो, म्हणून नियम कागदावर लागतात.

या कामाला मोठा निधी लागत नाही. मराठी मसुदा तयार करण्यासाठी, तो महाविद्यालयांत समजावून सांगण्यासाठी आणि पहिल्या वर्षी समितीला मदत करण्यासाठी आम्ही बिनमोबदला वेळ देऊ. नवीन सत्राचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी याबाबतचे परिपत्रक काढावे आणि मसुद्यावर चर्चेसाठी आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
यवतमाळ जिल्ह्यातील ओपन सोर्सवर काम करणारे विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि शिक्षक

स्थळ : यवतमाळ

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ
मा. प्राचार्य, जिल्ह्यातील सर्व संलग्नित महाविद्यालये