न बोललेल्या स्लॅमचा हिशोब कोण मागतो?

मंडळी, आज जरा पत्त्यांवर लिहितो. ब्रिज न खेळणाऱ्यांनीही वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या टेबलावर एका पंचविशीतल्या पोराने सहा इस्पिकची बोली लावली. बारा हात करायचे होते, अकराच झाले. समोर बसलेले त्याचे पार्टनर काका सगळ्यांदेखत ओरडले, "सव्वीस पॉइंटवर स्लॅम? जुगार वाटला का?" पोरगं गप्प उठलं. तेव्हापासून आलेलं नाही.

आता हिशोब बघू. काकांचं 33 पॉइंटचं गणित नोट्रम्पसाठी. 33 असले की विरोधकांकडे सातच उरतात, म्हणजे दोन एक्के असूच शकत नाहीत. पण इथे हुकमाचे नऊ पत्ते होते, वरचे चारही आपल्याकडे. बदामात एकाकडे एकच पत्ता. तिथे विरोधकांचे दहा पॉइंट होते, पण त्यांना हात मिळणार एकच. बाकीची बदामं हुकमाने मारता येत होती. अकरा हात पक्के. बारावा दोन वाटांनी: किलवर 3-3 फुटले तर, नाहीतर चौकटचा राजा बरोबर बाजूला असला तर. पहिली वाट 36 टक्के, ती हुकली तर दुसरी निम्मी. म्हणजे तीनात दोनदा स्लॅम होणारच. त्या दिवशी दोन्ही वाटा बंद निघाल्या, इतकंच.

आणि लागतं किती? व्हल्नरेबल नसताना चारवर थांबून बारा हात केले तर 480, सहा बोलून केले तर 980. फायदा 500. अकराच झाले तर 450 ऐवजी उणे 50. तोटाही 500. म्हणजे निम्मी शक्यता पुरते. सातची गोष्ट वेगळी. तिथे हातातली सहाची स्लॅमही जाते, म्हणून निव्वळ गुणांत तीनात दोनदाची खात्री हवी. चार नोट्रम्प विचारून एक्के मोजायचे तेसुद्धा मुख्यतः दोन एक्के बाहेर असतील तर वेळीच थांबायला.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका डावात काकांनी चारवर पास केलं आणि बारा हात झाले. 500 गुण गेले. कोणी ओरडलं? उलट "वा, दोन जास्त!" म्हणून कौतुक झालं.

आपल्याकडे सगळीकडे हेच. सोसायटीत नव्या लिफ्टचा ठराव आणणारा फसला की सगळे तुटून पडतात. दहा वर्षं काहीच न करणाऱ्या चेअरमनला मात्र नारळ आणि शाल. केलेली चूक दिसते, न केलेल्या कामाचा तोटा दिसत नाही.

म्हणून डाव संपल्यावर "झाली का?" विचारू नका. "बोलताना जे माहीत होतं, त्यावर बोली बरोबर होती का?" हे विचारा. मग पार्टनरला काय बोलायचं ते बोला.

आणि पोरा, हे वाचत असशील तर शनिवारी ये. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी आहे.