नदीचं दप्तर कोणाकडे?

महाशिवरात्र जवळ आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर चांगदेव-मुक्ताईनगरच्या यात्रेचे फोटो येऊ लागतात. माघ वद्य एकादशीपासून दिंड्यांची रीघ लागते. कोथळीचं जुनं मंदिर, मुक्ताईनगरचं नवं, तापीकाठचं मेहूण आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव. यंदा फोटोंच्या पाठोपाठ एक सूचनाही आली. यात्रा पांगल्यावर काठावर द्रोण, पत्रावळ्या आणि प्लास्टिकचा जो थर उरतो, तो पाहून आपल्यातल्या काही खानदेशी कुटुंबांनी सुचवलं, की टोरोंटोतल्या आपल्या मंडळाने निधी जमवून एक संगम स्वच्छता मोहीम प्रायोजित करावी. टी-शर्ट, हातमोजे, पोती, शेवटी सगळ्यांना वरण-बट्टीचं जेवण. कार्यकारिणीत यावर घमासान चर्चा झाली. संपादकाला मत कोणी विचारलं नाही, पण संपादकीय त्याच्याकडे सोपवलं की मत आपोआप मिळतं.

माझं मत असं, की झाडूसाठी पैसे पाठवू नयेत. कारण सांगायला जरा पूर्णेच्या उलट दिशेने जावं लागेल.

पूर्णा चांगदेवला येते ती रिकाम्या हाताने येत नाही. गाविलगडच्या डोंगरातून उतरून ती अमरावती, अकोला, बुलढाणा असा वऱ्हाडचा खारपाणपट्टा पार करते. वाटेत काटेपूर्णा, मोर्णा, मन, नळगंगा तिला मिळतात आणि प्रत्येक नदी आपापल्या गावाचं काही ना काही तिच्या पदरात घालते. मोर्णा अकोला शहरातून वाहते. जानेवारी २०१८ मध्ये तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने मोठी स्वच्छता मोहीम झाली. संस्था, महाविद्यालयं, शाळकरी मुलं, आजीआजोबा, सगळे जलकुंभी काढायला पात्रात उतरले. २८ जानेवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचं कौतुक केलं आणि एका दिवसात सहा हजारांहून जास्त लोक आल्याचं सांगितलं. ती माणसं खरी होती, त्यांची मेहनतही खरी. पण जलकुंभी सांडपाण्यावर पोसते, आणि सांडपाणी काही मोहिमेच्या बॅनरकडे पाहून थांबत नाही. जलकुंभी परत आली, पुन्हा काढली, पुन्हा आली. अधिकाऱ्यांची बदली होते, सांडपाण्याची होत नाही.

म्हणजे संगमावर आपण एका रविवारी शंभर पोती कचरा उचलला, तरी शेकडो किलोमीटर वरून जे येतं त्याला हातमोज्यांचा उपयोग नाही. तिथे लागतो तो असा माणूस, जो वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन बघतो, लिहितो, आणि लिहिलेलं घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो. असे लोक त्या भागात आहेत. त्यांच्याबद्दल आपल्या वार्तापत्रात आजवर एक ओळ आलेली नाही, म्हणून हा खटाटोप.

मुक्ताईनगरच्या खाली, भुसावळ तालुक्यात, तापीवर हतनूरचं धरण आहे. १९८२ मध्ये पूर्ण झालेलं, ४१ दरवाजांचं. पावसाळ्यात ‘हतनूरचे दरवाजे उघडले’ ही बातमी आली की इथे बसलेल्या भुसावळकरांचाही हात फोनकडे जातो. धरणाचा फुगवटा मागे चांगदेवच्या संगमापर्यंत येतो. तिथे वाहत्या नदीपेक्षा पसरलेलं उथळ पाणीच जास्त दिसतं. या पाण्यावर हिवाळ्यात पाखरं येतात. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या भारतातल्या स्थळांच्या यादीत हतनूरचं नाव आहे. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था इथे पक्षीगणना करत आली आहे आणि या जलाशयाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळावा ही मागणीही तिने लावून धरली आहे. महाराष्ट्रात तो दर्जा आतापर्यंत नांदूरमधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी यांना मिळाला. पहिल्या दोघांना २०२० मध्ये, खाडीला २०२२ मध्ये. खानदेशाच्या नावावर अजून काही नाही.

पक्षीगणना म्हणजे दुर्बिणी गळ्यात घालून केलेली सहल, असं वाटत असेल तर एकदा जानेवारीत त्या काठावर उभं राहून पाहावं. आशियातली पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, कारण तेव्हा स्थलांतरित पाखरं मुक्कामाला स्थिरावलेली असतात. पहाटेचं धुकं उठायच्या आत जागा पकडायची. समोर पाण्यावर काळा पट्टा दिसतो तो वारकरी पक्ष्यांचा. (मुक्ताईच्या गावी वारकरी हजारोंनी असणारच, हा विनोद तिथे दरवर्षी कोणीतरी करत असणार.) थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, त्या दहांनी किती पाणी व्यापलं ते डोळ्यांत धरायचं, आणि तेवढे तेवढे तुकडे थव्यावर टाकत पुढे सरकायचं. एक जण आकडा बोलतो, दुसरा वहीत उभ्या चार रेघा आणि आडवी पाचवी मारतो. तलवार बदक वेगळं, थापट्या वेगळा, चक्रवाक वेगळे, नदीसुरय वेगळा. मधेच वरून भोवत्या गेला की अख्खा थवा उठतो आणि मोजणी पहिल्यापासून. या कामाचे फोटो चांगले येत नाहीत. बोटं गारठतात, आणि शेवटी हातात काय, तर एक तक्ता.

पण तक्ता आहे म्हणून भांडता येतं. हतनूरच्या पाण्यावर हक्क सांगणारे थोडे नाहीत. भुसावळ शहर, रेल्वे, दीपनगरचं औष्णिक वीजकेंद्र, वरणगावची आयुध निर्माणी, खालचा कालवा, मासेमारी करणारे भोई आणि पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेरा करणारे शेतकरी. जलाशयाचा मोठा भाग गाळाने भरला आहे. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने तो गाळ म्हणजे गेलेला साठा. गाळपेऱ्याच्या शेतकऱ्याला ती खताविना पिकणारी जमीन. चिखल उपसून खाणाऱ्या पाखरांना तेच ताट. रामसरचं नाव काढलं की काठावरचा शेतकरी विचारतो, ‘मग आमचा पेरा बंद का?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर द्यायला मुंबईहून कोणी येत नाही. तिथल्याच कार्यकर्त्याला ओट्यावर बसून द्यावं लागतं, आणि उद्या त्याच शेतकऱ्याच्या मुलाच्या लग्नाला जायचं असतं हे ध्यानात ठेवून द्यावं लागतं. नदीच्या संघटनेचं पुढारपण म्हणतात ते बहुतांशी हे, ओट्यावरचं.

यात आता नवी भर पडली आहे. तापीच्या महाकाय पुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा करार १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये झाला. पावसाळ्याचं पाणी हतनूरच्या वरच्या अंगाला वळवून रावेर-यावलच्या केळीपट्ट्याखालचं खोल गेलेलं भूजल भरायचं, ही कल्पना. तिकडच्या विहिरींची अवस्था पाहिलेला माणूस या योजनेला सहजासहजी नको म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण उद्या संगमावर काय बदललं हे विचारायचं झालं, तर आधी काय होतं याची नोंद कोणाकडे तरी हवी. सरकारकडे पाण्याच्या पातळीची असेल. काठाची, माशांची, पाखरांची, उन्हाळ्यात कुठून कुठपर्यंत पायी जाता यायचं याची नोंद लोकांनीच ठेवली तर राहते. शासनाच्या ‘चला जाणूया नदीला’ या अभियानाची सुरुवात २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून झाली. आधी नदीकाठाने चाला, बघा, लिहा, मग उपाय सांगा, हा त्यातला क्रम मला पटला होता.

नदीचा कारभार लोकांनी सांभाळणं आपल्याकडे नवं आहे, असंही नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धती चारेक शतकं चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि गावाची भिजणारी जमीन फडांत वाटलेली. एका फडात एका वर्षी एकच पीक, दरवर्षी पालट. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा साधारण प्रत्येक फडात, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला तर झळ सगळ्यांना सारखी. कारभार पंचांचा. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. यातली एक गोष्ट नदीप्रेमी भाषणांत हमखास गळते: पाटकऱ्याला मोबदला होता. गाव त्याचं पोट बघत होतं, म्हणून पाणी चुकलं तर गाव त्याला जाब विचारू शकत होतं. आजच्या स्वयंसेवकाकडून आपण पाटकऱ्याची जबाबदारी मागतो आणि पेट्रोल त्याने स्वतःच्या खिशातून घालावं अशी अपेक्षा धरतो. मग दहा वर्षांनी एकच माणूस उरतो. अध्यक्षही तोच, वाहनचालकही तोच, आणि वही त्याच्याच कपाटात. त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं की नदीचं काम बंद.

आपल्याला याची कल्पना यायला हरकत नाही. मंडळाच्या चिटणीसपदासाठी गेल्या वर्षी किती अर्ज आले ते सभासदांना ठाऊक आहे, आणि जुन्या इतिवृत्तांची खोकी कोणाच्या तळघरात आहेत याचा शोध अजून चालू आहे.

आपल्या दारातलंच उदाहरण घ्या. टोरोंटोची डॉन नदी इतकी मेलेली होती, की नोव्हेंबर १९६९ मध्ये विद्यापीठातल्या पोल्यूशन प्रोबच्या मुलांनी तिची रीतसर अंत्ययात्रा काढली, शववाहिकेसकट. त्या तमाशाने लोकांचं लक्ष गेलं, नदी सुधारली नाही. ते काम पुढे १९८९ पासून ‘डॉन परत आणा’ या नागरिकांच्या कृतिदलाने धरलं. महापालिकेच्या पंखाखाली, पण बिनपगारी माणसांनी. बैठका, नकाशे, झाडं लावणं, चेस्टर स्प्रिंग्जची पाणथळ जागा उभी करणं, असं जवळजवळ २० वर्षं. ब्लूर पुलावरून सबवेने जाताना खाली जो हिरवा पट्टा दिसतो, त्याच्यामागे अशा असंख्य कंटाळवाण्या संध्याकाळी आहेत. त्या कृतिदलाला महापालिकेची खोली मिळत होती आणि कागद सांभाळायला पगारी माणूस. वरणगाव-मुक्ताईनगरकडच्या कार्यकर्त्याला ही चैन नाही.

आता पैशाचं. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून व्यवहार स्पष्ट सांगतो. भारतातल्या संस्थेला परदेशी पैसा घ्यायचा तर विदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आपल्यापैकी ज्यांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांचा पैसा ओसीआय कार्ड असलं तरी विदेशीच धरला जातो. भारतीय पासपोर्टवाल्यांनी बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून दिलेला नाही धरत. नोंदणी साधारणपणे तीन वर्षं जुन्या आणि त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च केलेल्या संस्थेलाच मिळते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो. पाचदहा माणसांच्या गावातल्या गटाला हे झेपत नाही. आपण उत्साहाने मंडळाच्या खात्यातून पैसे पाठवायचे आणि त्या गटाने पुढची दोन वर्षं खुलासे देत बसायचं, हा उपकार त्यांच्यावर करू नये. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी वैयक्तिक मदत जरूर करावी, आणि करताना टी-शर्टऐवजी पेट्रोल, होडीचं भाडं आणि एखाद्या विद्यार्थ्याचं मानधन यांना द्यावी. संस्थेला आधी विचारून.

मंडळ म्हणून आपण दोन कामं करू शकतो. आपल्यात जलशास्त्राचे निवृत्त अभियंते आहेत, तक्ते-आलेख करण्यात आयुष्य घालवलेली मंडळी आहेत. तिकडच्या गणनांच्या वह्या संगणकावर चढवायला आणि वाचायला त्यांची मदत लागेल का, हे विचारणारं पत्र कार्यकारिणी पाठवते आहे. ‘नको’ आलं तर त्याचाही मान ठेवू.

दुसरं काम तुमच्या घरात आहे. हतनूरचं पाणी चढण्याआधीची, म्हणजे १९८२ च्या आधीची तापी आणि पूर्णा कोणाच्या तरी अल्बममध्ये नक्की असणार. चांगदेवच्या पायऱ्यांवरचा सगळ्या भावंडांचा फोटो, मेहूणला आजीबरोबर काढलेला, पात्रातल्या टरबुजाच्या वाडीत उभे असलेले मामा. माणसांकडे आपण नेहमी बघतो, या वेळी त्यांच्या मागे बघा. वाळू कुठपर्यंत आहे, पाणी कुठून सुरू होतं, कोणती पायरी उघडी आहे. फोटो सरळ ठेवून स्कॅन करा, कडा कापू नका. गाव, घाट, महिना आणि साल आठवेल तेवढं लिहा. नक्की नसेल तर ‘मोठ्या ताईच्या लग्नाच्या वर्षी’ एवढं लिहिलंत तरी चालेल, लग्नाचं साल आम्ही ताईला विचारून घेऊ. फोटोच्या मागच्या बाजूला कोणी शाईने काही लिहून ठेवलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात प्रवेशद्वाराजवळ एक टेबल आणि स्कॅनर ठेवतो आहोत, मूळ फोटो तिथल्या तिथे परत मिळेल. टेबलावर दोन तास बसायला माणूस हवा आहे.