एका घरातील दोन उपासना

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना अल्पसंख्येने राहणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. शेजाऱ्यांची भाषा वेगळी, सणवार वेगळे. तरी आपले देवघर आपल्या रीतीने चालते. परंतु देव एक, धर्मग्रंथ एक, भाषाही एक असून केवळ उपासनेची रीत भिन्न, एवढ्यासाठी ज्यांनी शिक्षा भोगली, अशा लोकांची हकीकत या वेळी वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते. ही मंडळी म्हणजे प्रॉटेस्टंट इंग्लंडातील कॅथॉलिक. त्यांच्यापैकी एकाचे आपल्या मराठीवर मोठे ऋण आहे.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, १५५९ साली, रविवारी राजमान्य चर्चमध्ये न जाणाऱ्यास बारा पेन्स दंड ठरला. पुढे १५७० मध्ये पोपने राणीला बहिष्कृत करून प्रजेला तिच्या आज्ञापालनातून मुक्त केले. तेव्हापासून प्रत्येक कॅथॉलिक दरबारच्या नजरेत संशयित झाला. १५८१ मध्ये दंड महिन्याला वीस पौंडांवर गेला. १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचे देशातील वास्तव्य राजद्रोह ठरले आणि त्याला आसरा देणाऱ्यास देहदंड लागू झाला. मिस्सा मग घरांतून गुपचूप होऊ लागली. धर्मगुरूंना लपविण्यासाठी भिंतींत व जिन्यांखाली चोरजागा तयार झाल्या.

या कायद्यांचा घाव घराच्या आत कसा बसे, हे यॉर्क शहरातील मार्गारेट क्लिथरो हिच्या चरित्रावरून कळते. पती खाटकाचा व्यवसाय करणारा सधन गृहस्थ, राजमान्य चर्चला जाणारा. विवाहानंतर काही वर्षांनी ती कॅथॉलिक झाली. पतीने पंथ बदलला नाही, पण तिच्या गैरहजेरीचे दंड मात्र भरले. तुरुंगवास तिला अनेकदा घडला; तेथेच ती वाचावयास शिकली. १५८६ च्या मार्चमध्ये घराची झडती झाली आणि एका घाबरलेल्या मुलाने चोरजागा दाखविली. न्यायालयात आरोपाला उत्तर देण्याचे तिने नाकारले. कारण खटला चालला असता तर पोटच्या मुलांना तिच्याविरुद्ध साक्षीस उभे केले असते. उत्तर न देणाऱ्यास वजनाखाली चिरडण्याची त्या काळी शिक्षा होती. ती २५ मार्च रोजी अमलात आली. १९७० साली रोमने तिला संतपद दिले.

याच इंग्लंडातून टॉमस स्टीफन्स हा तरुण बाहेर पडला. रोम येथे १५७५ मध्ये तो येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला. साष्टीत राहून त्याने इथली भाषा आत्मसात केली आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. मराठीची जी स्तुती त्यात आहे, ती आपण शाळेतच वाचलेली असते. १५८३ मध्ये पोर्तुगीजांनी रॅल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज व्यापाऱ्यांना पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकले. ते प्रॉटेस्टंट देशाचे प्रजाजन होते. तरी त्यांना जामिनावर सोडविण्यासाठी फादर स्टीफन्स यांनी खटपट केली. ज्या राज्यात आपल्या पंथाला जागा उरली नव्हती, त्याच राज्यातून आलेल्या माणसांसाठी त्यांनी शब्द टाकला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

तथापि चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. इंग्लंडात छळ सोसणारा पंथ गोव्यात सत्तेच्या आसनावर होता. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली; मंगेश कुठ्ठाळहून प्रियोळास, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. आपल्या कित्येक वाचकांची कुळे त्याच वाटेने बाहेर पडली. म्हणजे सहिष्णुता ही कोणा एका पंथाची मालमत्ता नाही. हाती सत्ता असताना आपण दुसऱ्याच्या देवघराशी कसे वागतो, हीच तिची कसोटी.

इंग्लंडातील कॅथॉलिकांना पार्लमेंटची दारे १८२९ साली उघडली. राजघराण्यातील व्यक्तीने कॅथॉलिकाशी विवाह केल्यास तिचा वारसाहक्क जाई. तो नियम २०१५ मध्ये सुटला. राजा स्वतः मात्र आजही कॅथॉलिक असू शकत नाही. कायदे असे सावकाश बदलतात. घराला तेवढा वेळ घ्यावयाचे कारण नाही. आज आपल्या कुटुंबांत परभाषी, परधर्मी सुना आणि जावई येत आहेत. कोणी निराळ्या दैवताला हात जोडील, कोणी निराळा उपवास धरील. क्लिथरोच्या पतीने पत्नीची श्रद्धा स्वीकारली नाही, पण ती सोडण्याची सक्तीही केली नाही. चारशे वर्षांपूर्वी, दंडाचा बोजा डोक्यावर असताना एका खाटकाला जे साधले, ते आपल्या सुशिक्षित घरांना अवघड वाटू नये.