आम्ही आधीपासूनचे

कानसेन
पवनानगर

शनिवारी रात्री पवना धरणाच्या काठावर राहणाऱ्या माणसाला आपण कुठलं गाणं ऐकायचं हे ठरवता येत नाही. ठाकुरसाई, आंबेगाव, ब्राह्मणोली, महागाव. जिकडे पाणी तिकडे तंबू आणि जिकडे तंबू तिकडे स्पीकर. धरणाचं पाणी आवाज असा काही वाहून आणतं की पलीकडच्या काठावरचा ‘लाइव्ह म्युझिक’वाला गिटारची तार पिळत असला तरी अलीकडे आमच्या अंगणात कळतं. रात्री दहाला स्पीकर बंद, असा नियम आहे. आमच्याकडे तो कधी पाळला जातो, कधी फक्त आठवला जातो. हे सदरच मुळी या सक्तीच्या श्रवणातून जन्मलं, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच.

या श्रवणाचा एक ठरलेला क्रम असे. आधी किशोरकुमार, मग अरिजितसिंग, मग कुठलं तरी पंजाबी. मंडळी पेंगुळली, कोळसे विझायला आले की शेवटी एकदा ‘झिंगाट’. मराठीचा कोटा तेवढाच. जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा. तंबूत उतरलेले लोक बहुतेक हिंजवडीच्या कंपन्यांतले. कुणी हैदराबादचा, कुणी इंदूरचा, कुणी सुरतेचा. त्यांना मराठी गाण्याचं काय पडलंय, असं आम्हीच ठरवून टाकलेलं.

२०२४च्या उन्हाळ्यात हा क्रम मोडला. जेवणाच्या आधीच फर्माईश यायला लागली, तीही ‘वो गुलाबी साडीवाला बजाओ’ अशी, अस्सल हिंदीत. आणि गाणं लागलं की ते सगळे मराठीतून ओरडून म्हणायचे. उच्चार भलतेच, पण शब्द पाठ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या. रीलचं गाणं. पंधरा दिवसांचं आयुष्य, म्हटलं.

हे मी बोलून दाखवलं ते नेमकं चुकीच्या माणसासमोर.

आमच्या ओळखीतला एक पोरगा आहे. सोमवार ते गुरुवार कॉलेज, शुक्रवार ते रविवार तंबूवर काम. गाद्या घालायच्या, बार्बेक्यूचे कोळसे फुंकायचे, पहाटे पाहुण्यांचे पोहे. पावसाळ्यात तंबू थंडावले की बापाबरोबर इंद्रायणी भाताची लावणी. त्या दिवशी मी कामशेतहून यायला एसटीची वाट बघत उभा होतो, तर त्याने गाडी थांबवून मागे बसवलं. बेडसे लेण्यांच्या पायथ्याशी आलो आणि मी म्हणालो, “तुमच्या त्या रीलवाल्याने झोप घालवली रे.”

त्याने गाडी बाजूला घेतली. खरंच घेतली. म्हणाला, “काका, रीलवाला म्हणू नका. शब्द त्याचे, चाल त्याची, गातो तो. म्युझिक भावाचं. रील लोकांनी केली, त्याने गाणं केलं.” मग थोडं थांबून, आवाज खाली आणून: “आणि मी ‘नऊवारी’पासून ऐकतोय. लोकांना आत्ता कळला.”

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या आठ्या सुटल्या. कारण हे वाक्य माझंच होतं. चाळीसेक वर्षांपूर्वीचं. तेव्हा कामशेतच्या बाजारपेठेत हॉटेलच्या टेपवर आनंद शिंदे यांचा ‘नवीन पोपट’ दिवसभर वाजायचा आणि मी घरी सांगायचो की मी त्यांना आधीपासून ऐकतोय. घरी त्या गाण्याला बंदी होती. पोपट हा शब्दच काही दिवस उच्चारायचा नाही, इतकी. माझ्या वडिलांना त्यात चावटपणा दिसायचा. मला तो आवाज दिसायचा. बाप प्रल्हाद शिंदे, ज्यांच्या भक्तिगीतांनी आमच्याकडच्या काकड्याच्या पहाटा सुरू व्हायच्या, आणि पोरगा हे असलं गातो, याचा लोकांना राग. आज तेच आनंद शिंदे सगळ्यांना आदरणीय आहेत. तेव्हा त्यांच्या बाजूने भांडणारे आम्ही कुठे गेलो, ते कुणी विचारत नाही.

चाहत्याची जात ओळखायची असेल तर तो काय मोजतो ते बघावं. व्ह्यूज मोजणारा चाहता नव्हे, तो हिशेबनीस. या पोराने मला एकही आकडा सांगितला नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावर ‘गुलाबी साडी’ झळकली, माधुरी दीक्षित यांनी त्यावर रील केलं, हे मला नंतर वर्तमानपत्रातून कळलं. त्याने सांगितलं ते असं: संजू राठोड जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा. बंजारा समाजातला. भाऊ गौरव, गाण्यांवर ‘जी-स्पार्क’ हे नाव लावतो, तो संगीत करतो. पिक्चर नाही, वाहिनीवरची स्पर्धा नाही. “दोघंच, काका.” ‘दोघंच’ या शब्दावर त्याने जो जोर दिला त्यातच त्याची भक्ती होती. त्याला त्या गाण्यापेक्षा त्या गाण्यापर्यंतची वाट आवडते. स्वतः गाद्या घालणाऱ्या पोराला का आवडू नये?

ही ‘दोघंच’ची गोष्ट साधी नाही, हे गाण्याच्या बाजाराकडे थोडं मागे वळून पाहिलं की कळतं. मराठीत सिनेमाबाहेरचं गाणं अधूनमधून उसळतं आणि पुन्हा बसतं. १९९८मध्ये मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ आला. एक अख्खी पिढी त्या पावसात भिजली. २००२मध्ये वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते ‘ऐका दाजिबा’ घेऊन आले आणि मराठी पॉप म्हणजे काय हे लग्नाच्या मांडवांना कळलं. नंतर कॅसेट गेली, सीडी गेली, आणि गाजायचं असेल तर पुन्हा सिनेमाचाच दरवाजा. २०१६च्या ‘सैराट’ने मराठी गाणं देशभर नाचवलं हे खरं, पण त्याच्यामागे नागराज मंजुळे यांचा सिनेमा होता, अजय-अतुल यांचं नाव होतं आणि थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद होता. इथे दोन भाऊ. मागे कथा नाही, आर्ची-परश्या नाहीत. गाण्याला स्वतःच्याच पायावर उभं राहायचं होतं, आणि ते राहिलं.

का राहिलं? मी ते गाणं मग मुद्दाम घरात, दिवसाढवळ्या, माझ्या मर्जीने ऐकलं. एकदा नाही, आठ-दहा वेळा. गळा फार मोठा नाही; तसा आव तो आणतही नाही. बोलता बोलता गाणं व्हावं, असं गातो. पण शब्द स्वच्छ पडतात, आणि ते कुणीही घरात बोलेल असे आहेत. नटलेली बाई आपल्या माणसाला म्हणते, मी किती छान दिसतेय, माझा फोटो काढ. बस्स, एवढाच विषय. लोहगडच्या पायऱ्यांवर, तिकोन्याच्या दरवाजात, आमच्या धरणाच्या काठावर दर रविवारी शेकडो बायका आपापल्या नवऱ्याला हेच सांगत असतात आणि नवरे पाय कापून फोटो काढत असतात. संजूने ते ऐकलं. आम्ही रोज ऐकत होतो, आम्हाला त्यात गाणं ऐकू आलं नाही.

आणखी एक गंमत. गाणं बाईच्या तोंडचं, गाणारा पुरुष. हे काही रीलच्या जमान्यातलं नाही. एकनाथांनी गवळणी लिहिल्या त्या गवळणीच्या तोंडच्या. राम जोशी, होनाजी बाळा यांनी लावणीतल्या बाईचा रुसवा-फुगवा शब्दांत बांधला. आमच्या पवन मावळातल्या भजनी मंडळात आजही सत्तरीचा पखवाजवाला मान हलवत असतो आणि मिशीवाला बुवा ‘मी गौळण’ होऊन कृष्णाची तक्रार सांगत असतो. कुणाला वेगळं वाटत नाही. मराठी पुरुष गाण्यात शिरला की साडी नेसतो, ही आपली जुनी रीत आहे.

साडीवरून आठवलं. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, भामिनी किंवा सिंधू म्हणून रंगमंचावर उभे राहत तेव्हा थिएटरातल्या बायका त्यांचं गाणं ऐकत आणि साडीचा काठही बघत. ते नेसले तशी नेसायची, ते माळतील तसा गजरा माळायचा. शंभर वर्षांपूर्वी घरंदाज महाराष्ट्राची फॅशन एका पुरुष गायकाने ठरवली. आणि त्यांचे चाहते त्यांना बालगंधर्व म्हणतच नसत. ‘नारायणराव’ म्हणत. घरातला माणूस असल्यासारखं. लताबाई ‘दीदी’ झाल्या त्या अशाच. आमचा पोरगा ‘संजूभाऊ’ म्हणतो. दोघांची कधी भेट नाही, होण्याचं लक्षण नाही, पण भाऊ. हे ऐकून हसणाऱ्यांनी आधी आपल्या आजोबांना विचारावं की नारायणराव त्यांचे कोण लागत होते.

तरी तुलना गळ्यांची नाही, एवढं सुज्ञांच्या माहितीसाठी. नाहीतर पुण्याहून पत्रं येतील.

आता भक्ती पुरे, जरा तक्रार. ‘नऊवारी’, मग ‘गुलाबी साडी’, मग ‘काळी बिंदी’. मी पोराला म्हणालो, तुझे संजूभाऊ बाईच्या कपाटातून बाहेर कधी येणार? तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. म्हणाला, “थांबा, काका. येईल.” २०२५मध्ये ‘शेकी’ आलं. मी म्हटलं, कपाटातून निघून कमरेवर आला, प्रगती आहे. यावर मात्र तो दोन दिवस बोलला नाही.

पण माझी तक्रार मी मागे घेत नाही. एक गाणं चाललं की बाजार त्याच साच्यातलं दुसरं मागतो, आणि तरुण गायकाला नाही म्हणणं अवघड जातं. पुन्हा लोक मागे लागतात ते वेगळंच; तंबूतल्या फर्माइशीत नवं गाणं कुणी मागत नाही, कालचंच मागतात. ज्याच्या समाजाने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हा सगळा देश पायाखाली घातला, ज्याच्या तांड्यावर होळीला रात्रभर लेंगी गायली जाते, त्याच्या झोळीत कपाटापलीकडचं पुष्कळ असणार. तांड्यावरून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांच्या मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. गोरबोली आहे. त्यातलं काही गाजलेल्या गाण्यांत अजून उतरलेलं नाही. ते उतरावं आणि तेही असंच गाजावं, हिंजवडीच्या पोरांनी तेही चुकीच्या उच्चारात ओरडून म्हणावं, एवढी माझी हाव आहे. ही हाव ज्याच्याबद्दल वाटते त्याचाच मी चाहता झालो, असं समजायला हरकत नाही. मी मात्र आधीपासूनचा नाही. तो मान त्या पोराचा.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला सुनावलं, “तुम्ही असल्या गाण्यावर लिहिता? मराठी गाणं मेलं त्याने.” हे गृहस्थ स्वतः संध्याकाळी जुनी हिंदी गाणी लावतात. मराठी गाणं मरतं ते कुणी गात नाही तेव्हा. इथे तर ज्यांची भाषा मराठी नाही ते पैसे मोजून, थंडीत कुडकुडत, आमच्या धरणाच्या काठावर बसून मराठी गाताहेत. ‘साडी’ला साडी म्हणतात, ‘फोटो काढ’ म्हणजे काय ते एकमेकांना विचारतात. मराठी शिकवण्याचे एवढे उपक्रम झाले. इंदूरच्या पोराच्या तोंडून आज्ञार्थी क्रियापद कुणी काढून दाखवलं होतं?

तंबूवाल्यांना मात्र एक सांगणं आहे. ‘लाइव्ह’ गायला बोलावता ती पोरं बहुतेक लोणावळ्याहून किंवा पिंपरी-चिंचवडहून येतात. चांगली गातात, पण दुसऱ्याचीच. त्यातली दोन-तीन स्वतःची गाणी बांधतात, हे मला माहीत आहे. मध्यरात्री सामान आवरताना आपापसात गुणगुणतात, ते पाण्यावरून माझ्यापर्यंत येतं. फर्माइशी संपल्या की त्यांना त्यांचं एक गाणं म्हणू द्या. एकच. पाहुणे तक्रार करणार नाहीत, झोपेला आलेले असतात. आणि त्या गाण्यासाठी दहाच्या पुढे पाच मिनिटं गेली तर मी ओरडायला येणार नाही.

पोरगा परवा भेटला. अबोला संपलाय. त्याच्या फोनवर आता ‘शेकी’ वाजतं. त्याच्या आईच्या फोनवर अजून ‘गुलाबी साडी’च आहे, आणि लावणीच्या दिवसांत तो फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, खाचराच्या बांधावर ठेवलेला असतो.

– कानसेन