गोल न करणाऱ्याचा निरोप

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. गोल वाचवणाऱ्या गोलरक्षकाच्या वाट्यालाही टाळ्या येतात. या दोघांच्या मधे जो उभा असतो, कोपरं खातो, चेंडूला डोकं लावतो आणि प्रतिस्पर्ध्याला गोलपर्यंत पोहोचूच देत नाही, त्या बचावपटूची आठवण मात्र प्रेक्षकांना दोनच वेळा येते. एकदा त्याची चूक होते तेव्हा आणि दुसऱ्यांदा तो निघून जातो तेव्हा.

अनस एडाथोडिका हा असाच एक बचावपटू. माणूस केरळचा, पण खेळाडू म्हणून घडला मुंबई-पुण्यात. १५ जानेवारी २०१९ रोजी त्यानं आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या बातमीचा फारसा गाजावाजा झाला नाही. आदल्या रात्रीच भारतीय संघ एशियन कपमधून बाहेर पडला होता आणि जो तो त्या पराभवाबद्दल बोलत होता. ज्यांनी अनसला कूपरेज आणि बालेवाडीच्या मैदानांवर वर्षानुवर्षं पाहिलं होतं, त्यांच्या दृष्टीनं मात्र पराभव आणि निवृत्ती या दोन वेगळ्या बातम्या नव्हत्याच.

चौथ्या मिनिटाला रिकामी झालेली जागा

ती रात्र शारजातली. त्या स्पर्धेची सुरुवात भारतानं थायलंडला ४-१ असं हरवून केली होती. १९६४ नंतर एशियन कपमधला भारताचा तो पहिला विजय. पुढच्या सामन्यात यजमान संयुक्त अरब अमिरातीनं ०-२ असं हरवलं, तरी आशा शिल्लक होती. बहारीनशी नुसती बरोबरी झाली असती तरी भारत बाद फेरीत गेला असता.

सामना सुरू होऊन चार मिनिटं होताहेत तोच अनस दुखापतीमुळे बाहेर गेला. बदली खेळाडू आला, संघ नेटानं लढला, गोलरक्षक गुरप्रीतनं आणि संदेश झिंगननं किल्ला लढवला. नव्वद मिनिटं बहारीनला गोल करता आला नाही. मग भरपाईच्या वेळेत भारताच्या पेनल्टी क्षेत्रात एक पाय चुकीचा पडला, पंचांनी पेनल्टी दिली आणि ०-१ अशा गोलफलकावर सगळं संपलं. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी अनसनं निवृत्ती जाहीर केली. तरुणांना जागा मिळावी, हे कारण त्यानं सांगितलं.

अनस मैदानात राहिला असता तर ती पेनल्टी टळली असती का? हा प्रश्न चाहत्यांनी नंतर कितीतरी वेळा चघळला. त्याला उत्तर नाही. बचावपटूच्या हिशेबाची हीच तर गोम आहे. आघाडीच्या खेळाडूनं किती गोल केले ते कागदावर मांडता येतं. बचावपटूमुळे किती गोल झाले नाहीत, ते कुठल्या वहीत लिहायचं? घरातल्या आईसारखंच आहे हे. ती उठून कामाला लागते तोवर कुणाच्या काही लक्षात येत नाही. ती दोन दिवस अंथरुणाला खिळली, की दूध कुठे आहे इथपासून सगळ्यांची शोधाशोध सुरू होते.

आठ वर्षं, दोन क्लब

अनस मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टीचा. मलप्पुरम म्हणजे फुटबॉलवेड्यांचा जिल्हा. तिथं शेतातही सात-सात जणांचे सामने रंगतात आणि त्यांना गर्दी लोटते. घरची परिस्थिती बेताची. खेळाचा खर्च भागवायला अनसनं ऑटोरिक्षा चालवली. २००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब उभा राहिला आणि तिथं त्याला संधी मिळाली. २००८ मध्ये क्लब आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत विजेता ठरून वर चढला.

२०११ मध्ये अनस पुण्याला आला. पुणे एफसीचा तो भरभराटीचा काळ होता. प्रशिक्षक होते डेरिक परेरा, गोव्याचे आणि स्वतः भारताकडून खेळलेले बचावपटू. एका स्टॉपरनं दुसऱ्याला पारखलं तर त्यात नवल नाही. २०१२-१३ च्या हंगामात पुणे एफसी आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर राहिला. कोलकात्याचे दोन्ही मातब्बर क्लब त्या वर्षी पुण्याच्या खाली होते. पुण्यात ही गोष्ट क्रिकेटच्या गलक्यात फार थोड्यांच्या कानावर गेली.

जे थोडे बालेवाडीला जात, ते अनसचा खेळ ओळखून होते. धावून जाऊन पाय घालण्यापेक्षा चेंडू कुठे येणार हे आधी ताडायचं आणि तिथं जाऊन उभं राहायचं, अशी त्याची रीत. शेजारचा खेळाडू पुढे सरकला तर मागची जागा आपण झाकायची. उंचावरून आलेला चेंडू डोक्यानं परतवायचा, पण तो समोरच्याच्या पायात पडणार नाही असा. आणि सतत बोलत राहायचं. बचावफळीतले चौघं एका दोरीत बांधल्यासारखे हलले तरच ऑफसाइडचा सापळा लागतो. एक जण अर्धं पाऊल मागे राहिला तरी सापळ्यात आपणच सापडतो.

एवढं सगळं असून या आठ वर्षांत देशाची निळी जर्सी काही त्याच्या अंगावर चढली नाही. २०१५ मध्ये पुणे एफसीचा गाशा गुंडाळला गेला. त्याच वर्षी तो दिल्ली डायनामोजकडून खेळला. तिथं त्याचे प्रशिक्षक होते ब्राझीलचे विश्वविजेते बचावपटू रॉबर्टो कार्लोस. मग मोहन बागानची हिरवी-तांबडी जर्सी आली, कोलकात्याची गर्दी आली आणि ज्या डोळ्यांना तो आजवर दिसला नव्हता त्यांना दिसू लागला. मार्च २०१७ मध्ये कंबोडियाविरुद्ध अनस भारताकडून पहिल्यांदा खेळला. वय वर्षं तीस! या वयात पुष्कळ खेळाडू निवृत्तीचे बेत आखू लागतात.

त्याच वर्षी जुलैमध्ये इंडियन सुपर लीगच्या खेळाडूंची निवड मुंबईत झाली. जमशेदपूरनं पहिल्याच पसंतीला अनसचं नाव घेतलं. किंमत होती एक कोटी दहा लाख रुपये. दहा वर्षांपूर्वी ज्या शहरात तो नवखा म्हणून उतरला होता, त्याच शहरात हे घडलं.

झिंगन आणि अनस या जोडीनं पुढची दोन वर्षं भारताचा बचाव सांभाळला. झिंगन अंगावर जाणारा, अनस मागे थांबून निस्तरणारा. २०१८ च्या जून महिन्यात अंधेरीत झालेल्या इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये मुंबईकरांना अनस निळ्या जर्सीत पाहायला मिळाला. मैदानावर येऊन आम्हाला पाहा, अशी कळकळीची विनंती कर्णधार सुनील छेत्रीनं केली होती, तीच ही स्पर्धा. त्यानंतर भर पावसात स्टेडियम तुडुंब भरलं. मुंबई एफसीच्या काळात अनसनं अशी मुंबई क्वचितच पाहिली असेल.

लवकर की वेळेवर?

निवृत्तीच्या बातमीवर चाहत्यांचे दोन तट पडले. एक तट म्हणत होता, घाई झाली. बचावपटू उशिरा पिकतो. पायांतला वेग उतरला तरी डोक्यातला अनुभव वाढत असतो. छेत्री त्याच्याहून अडीच वर्षांनी मोठा असून खेळतच होता. मग एकतिसाव्या वर्षी अनसनं का थांबावं? इतकी वर्षं उंबरठ्यावर काढलेल्या माणसानं आत आल्यावर दोन वर्षांतच उठून जावं, याची हळहळ जास्त होती.

दुसऱ्या तटाचं म्हणणं असं की दुखापती अंगावर काढून देशाची जागा अडवण्यात काय भूषण? क्लबचा सामना हरला तर पुढच्या आठवड्यात भरपाई करता येते. देशाच्या सामन्यात तशी सोय नसते. शरीर साथ देईना हे स्वतःला कळतं तेव्हाच उठावं. इतरांनी उठवल्यावर उठण्यात मजा नाही.

दोघांच्याही बाजूनं दाखले देता येतात. इटलीचा पावलो माल्दिनी २००२ च्या विश्वचषकानंतर देशाच्या संघातून निवृत्त झाला. १२६ सामने खेळलेला हा जगातला एक श्रेष्ठ बचावपटू. पण त्याचा देशासाठीचा शेवटचा सामना आठवला की डोळ्यांसमोर येतो तो दक्षिण कोरियाच्या आन जुंग-ह्वाननं त्याच्या पुढ्यात उडी घेऊन डोक्यानं मारलेला गोल. त्याच गोलनं इटली बाहेर फेकली गेली. मिलान क्लबकडून मात्र माल्दिनी पुढे सात वर्षं खेळला आणि २००३ व २००७ अशी दोनदा चॅम्पियन्स लीग जिंकला. तो अजून संपला नव्हता, हे उघडच होतं. तरीही देशाची जबाबदारी उतरवल्यामुळेच तो क्लबसाठी इतका टिकला, असंही म्हणता येतं.

आपल्याकडचा दाखला गोव्याच्या महेश गवळीचा. १९९९ पासून बारा वर्षं त्यानं भारताच्या बचावफळीत काढली. २०११ मध्ये तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाजूला झाला. २०११-१२ ची आय-लीग त्याच्या धेंपो क्लबनंच जिंकली. गवळीची ती रजा कायमची ठरली नाही. तो सहायक प्रशिक्षक म्हणून भारतीय संघात परतला. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावर बंदी असताना अंतिम सामन्यात रेषेपाशी उभा राहून संघ सांभाळणारा तोच होता. बचावपटूचं आयुष्य खेळ वाचण्यात जातं, त्यामुळे तो पुढे चांगला गुरू होऊ शकतो.

अनसच्या बाबतीतही शेवटचा शब्द लगेच लिहिला गेला नाही. २०१९ मध्येच नवे प्रशिक्षक स्टिमाच यांच्या बोलावण्यावरून तो संघात परतला. पण जुने दिवस काही परत आले नाहीत. मोजके सामने झाले आणि निळी जर्सी कायमची उतरली. देशासाठी वीसच्या आसपास सामने, एवढीच काय ती जमा. २०२४ च्या जूनमध्ये छेत्रीनं निवृत्ती घेतली तेव्हा कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम त्याला निरोप द्यायला लोटलं होतं. तो मान त्याचाच होता, यात वाद नाही. पुढच्याच वर्षी देशाला गरज पडली आणि तोही परतला. अनसच्या वाट्याला ना पहिल्या निरोपाला मैदान आलं, ना दुसऱ्या.

वाट पाहायची ती कुठे?

हळहळण्यासारखी खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. अनस तिसाव्या वर्षी भारताकडून खेळू शकला, कारण विसाव्या ते अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत त्याला दर आठवड्याला खेळायला मैदान होतं, महिन्याला पगार होता आणि कान पकडणारा प्रशिक्षक होता. हे सगळं महाराष्ट्रानं दिलं. ते देणारे क्लब आज कुठे आहेत? महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये गेला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि मिटला. एफसी पुणे सिटीचा कारभार २०१९ मध्ये आटोपला. मुंबई सिटीसारखा मोठा क्लब उभा आहे, पण तिथं जागा मिळते ती नाव झालेल्यांना किंवा अगदी कोवळ्यांना. बाविशीतला, नाव नसलेला, हळूहळू पिकणारा स्टॉपर कुठे जाऊन थांबणार?

हे क्लब बुडाले ते पैशाअभावी, असं सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. पण रिकाम्या गॅलरीचा वाटाही त्यात आहे. अनसच्या निवृत्तीवर हळहळणाऱ्यांत असे पुष्कळ होते, ज्यांनी तो पुण्यात खेळत असताना बालेवाडीची वाट एकदाही धरली नव्हती. नंतर वाटणारी रुखरुख खरी असते, पण तिच्यानं क्लबचं विजेचं बिल भरत नाही.

गर्दी करायची तर कशी, हे कोल्हापूरला विचारावं. तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे संघ भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा मैदानावर येतात. त्या सामन्यांतही टाळ्या गोल करणाऱ्यालाच पडतात. पण गॅलरीत एखादा जुना जाणता असतो. चेंडू पलीकडच्या टोकाला असतानाही त्याची नजर आपल्या गोलसमोर उभ्या असलेल्या पोरावर असते. ते पोर जागा धरून आहे की नाही, शेजारच्याला हाक मारतंय की नाही, हे तो बघत असतो. बचावपटूचा खरा सन्मान एवढाच. तो निरोपाच्या दिवशी करायचा नसतो. तो खेळत असताना करायचा असतो.