पे बॅक टू सोसायटी : देणगी नव्हे, देणे!

'पे बॅक टू सोसायटी' हे शब्द चळवळीत इतके रुळले आहेत, की त्यांचा अर्थ कुणी तपासत नाही. आमच्या मते तो तपासायची वेळ आली आहे.

'पे' म्हणजे पैसे चुकते करणे, 'बॅक' म्हणजे परत. दोन्ही एकत्र आले की अर्थ होतो घेतलेले फेडणे. उसने पैसे 'पे बॅक' करतात. वाक्यात 'इट' आले तर ते मध्ये बसते : 'पे इट बॅक'. सूड उगवण्यालाही इंग्रजीत हेच शब्द आहेत; तो अर्थ इथे नाही. 'गिव्ह बॅक' मात्र वेगळे. त्यात देणाऱ्याचे औदार्य दिसते, म्हणून कंपन्यांना ते आवडते. देणगी दिली नाही तर कुणी जाब विचारत नाही. कर्ज बुडवणारा मात्र थकबाकीदार ठरतो.

मान्यवर कांशीराम पुण्यातल्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होते. त्यांनी सहकाऱ्यांसह ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ उभी केली आणि नोकरदारांकडे बुद्धी, वेळ व पैसा मागितला. मागणी फेडण्याची होती, दानाची नव्हे.

काही तरुण विचारतात, आरक्षण आमचा हक्क आहे, मग कर्ज कसले? प्रश्न रास्त आहे. सरकारचे आपण काहीच लागत नाही. पण हा हक्क आकाशातून पडला नाही. १९२७ साली महाडला हजारो लोक जमले, ते स्वतःच्या नोकरीसाठी नव्हे. १९४३ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. आपण देणेकरी आहोत ते या माणसांचे, आणि ते वसूल करायचा अधिकार आहे मागे राहिलेल्यांना.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या वरवंडसारख्या गावातून शिकून शहरात गेलेला माणूस १४ एप्रिलला येतो, वर्गणी देतो, फ्लेक्सवर झळकतो आणि निघून जातो. हे झाले 'गिव्ह'. वस्तीतल्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, जात पडताळणीची कागदपत्रे जुळवून देणे, दर रविवारी दोन तास गणित-इंग्रजी शिकवणे, हे झाले 'पे बॅक'. त्याचा फ्लेक्स लागत नाही, पण हप्ता फिटतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी हे शब्द उच्चारण्याआधी स्वतःची थकबाकी मोजा.

जयभीम!